ओरखडा आणि चमक : गाडीच्या रंगाचा इतिहास

(सात रस्ता, सोलापूर इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तेवढी तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय कळल्यावर दोन-तीन जणांनी मला गाठून विचारलं, "सर, तुम्ही इतिहास शिकवता. गाडीच्या पॉलिशवर तासभर काय बोलणार?" शंका रास्त आहे. तेव्हा आधी तिचंच उत्तर देतो आणि मग पुढे जाऊ.

आपण बसलोय सात रस्त्याला. इथं शासकीय विश्रामगृह आहे. कुणी मंत्री, कुणी मोठे साहेब मुक्कामाला आले की गाड्यांची रांग लागते, ते तुम्ही येता-जाता बघता. साहेब आत बैठकीत असतात. बाहेर ड्रायव्हर मंडळी काय करत असतात? खांद्यावरचं फडकं काढतात, एकदा झटकतात आणि बॉनेटवरून फिरवतात. धूळ जाते, गाडी चमकते. अर्ध्या तासानं पुन्हा धूळ, पुन्हा फडकं.

त्या ड्रायव्हरला वाटतं, आपण गाडी पुसतोय. ते खरंच आहे. पण त्याच हातानं तो गाडीवर शेकडो बारीक ओरखडेही काढत असतो. आपल्याकडची धूळ म्हणजे दख्खनच्या बेसाल्टचा चुरा. तो कण गाडीच्या रंगापेक्षा कितीतरी कठीण असतो. कोरड्या फडक्याखाली तो सापडला की फडक्याचा पॉलिश पेपर होतो. विश्वास बसत नसेल तर संध्याकाळी दिव्याच्या खांबाखाली उभी असलेली एखादी काळी गाडी बघा. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल गोल रेषांची नक्षी दिसेल. तो या रोजच्या पुसण्याचा लेखाजोखा आहे.

म्हणजे चमकही फडक्यानं येते आणि ओरखडाही फडक्यानंच येतो. मग चमक नक्की येते कुठून? हा प्रश्न माणसानं गाडीच्या आधी तलवारीला विचारला, भिंगाला विचारला, बग्गीला विचारला. म्हणून हा इतिहासाचा विषय. आणि माझ्यापुरता हा घरचाही विषय आहे, ते शेवटी सांगतो.

ओरखडा म्हणजे काय?

आधी थोडं विज्ञान, दोनच मिनिटं. ओरखडा आपल्याला दिसतो कारण त्याच्या कडांवर प्रकाश वेडावाकडा फुटतो. सपाट पृष्ठभाग प्रकाश एका दिशेनं परत पाठवतो, म्हणून त्यात आपलं तोंड दिसतं. चर पडली की प्रकाश चारी दिशांना सांडतो आणि तिथं पांढुरकी रेघ दिसते.

मग ओरखडा "काढायचा" म्हणजे काय करायचं? चर भरून काढायची, असं आपल्याला वाटतं. पॉलिशमध्ये तसं होत नाही. चर आहे तिथंच राहते आणि तिच्या आजूबाजूचा रंग घासून तिच्या तळाच्या पातळीवर आणला जातो. शेतातला खड्डा बुजवण्याऐवजी सगळं शेत खड्ड्याएवढं खाली आणावं, तसा हा प्रकार. [हशा] हसू नका, शब्दशः हेच होतं.

आणि घासून सपाट केलं तरी ओरखडे संपतात का? न्यूटननं १७०४ साली 'ऑप्टिक्स' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यानं काचेच्या पॉलिशबद्दल एक मार्मिक गोष्ट मांडली आहे. तिचा आशय असा, की भुकटीनं काच घासली म्हणून ती खऱ्या अर्थानं सपाट होत नाही; मोठे ओरखडे झिजून त्यांच्या जागी इतके बारीक ओरखडे येतात की ते डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणजे पॉलिश म्हणजे ओरखड्यांची अदलाबदल. जाड देऊन बारीक घ्यायचे. या व्यवहारात दर वेळी थोडा माल खर्ची पडतो. हा शब्द लक्षात ठेवा : खर्च.

आपल्या भाषेला हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. सहाणेवर चंदन उगाळल्याशिवाय गंध मिळत नाही आणि उगाळलं की खोड झिजतं. देवाच्या मूर्तीचीही यातून सुटका नाही. आपल्याच जिल्ह्यात पंढरपूरला विठ्ठलाच्या मूर्तीची झीज होऊ नये म्हणून वज्रलेप करावा लागला. भक्तांचे हात मऊ असतात, डोकं टेकवणारा तर श्रद्धेनं टेकवतो. पण लाखो स्पर्श झाले की दगडही झिजतो. प्रेमानं केलेला स्पर्श आणि निष्काळजीपणे केलेला स्पर्श यांत दगडाला फरक कळत नाही.

शिकलगाराची विद्या

महाराष्ट्रात शिकलगार हा जुना व्यवसाय आहे. तलवारी, सुऱ्या, कात्र्यांना धार लावणारा आणि पातं उजळणारा तो शिकलगार. शब्द फारसीतून आला, मुळात अरबी. अर्थ 'घासून चकचकीत करणारा'. त्याच्याकडे जे दगड आणि ज्या भुकट्या असायच्या त्यांत कुरुंद असायचा. हिऱ्याच्या खालोखाल कठीण असलेल्या खनिजांत याची गणना. संस्कृतात कुरुविंद, तमिळमध्ये कुरुंदम्, आणि त्यावरूनच इंग्रजीत कोरंडम. आज तुम्ही दुकानात जाऊन गाडीसाठी रबिंग कंपाउंडचा डबा घेता, त्यात बहुधा जी बारीक पूड असते ती ॲल्युमिनियम ऑक्साइडची. म्हणजे रासायनिकदृष्ट्या तोच कुरुंद, फक्त कारखान्यात तयार केलेला. डब्यावर कंपनी कुठलीही असो, आतली विद्या शिकलगाराची आहे.

अजून एक धागा. खंडेनवमीला आपण शस्त्रांची पूजा करायचो. शस्त्रं गेली, अवजारं आली, मग गाड्या आल्या. आज दसऱ्याच्या आधी आठवडाभर कुठल्याही वॉशिंग सेंटरवर जा, उभं राहायला जागा नसते. पूजेच्या आधी पातं उजळायचं, ही जुनीच रीत. पात्याच्या जागी बॉनेट आलं एवढंच. त्यावर झेंडूचा हार बांधतो, तारेनं. ती तारही ओरखडा पाडते, हे जाता जाता सांगतो.

बग्गीचा रंग

पहिल्या मोटारींना मोटारीचा असा रंग नव्हता, बग्गीचाच रंग होता. कारण त्या रंगवणारे कारागीर बग्ग्या रंगवणारेच होते. त्यांची पद्धत ऐका. लाकडावर आधी शिशाच्या रंगाचे थर. प्रत्येक थर वाळू द्यायचा, मग प्युमिस, म्हणजे ज्वालामुखीचा हलका सच्छिद्र दगड, त्याची पूड पाण्यात कालवून नमद्यानं घासायची. मग रंग. मग व्हार्निशचे थर. हे व्हार्निश जवसाच्या तेलात कोपल, म्हणजे चंद्रस, विरघळवून केलेलं असायचं. उत्तम कोपल आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून, झांझिबारहून यायचा, आणि त्यातला बराच माल मुंबई बंदरातून पुढे जायचा. जवस आपल्या रानातलं, चंद्रस मुंबईच्या गोदीतलं. विलायती बग्गीच्या चमकेत आपलाही वाटा होता.

हे सगळं व्हायला काही आठवडे लागत, चांगल्या कामाला महिनाही. आणि इतकं करून ते व्हार्निश उन्हात पिवळं पडायचं, तडकायचं.

हेन्री फोर्डच्या मॉडेल टीची गोष्ट तुम्ही ऐकली असेल, की गाडी फक्त काळ्या रंगात मिळायची. १९१४ ते १९२५ या काळात ते खरं होतं. तो काळा रंग डांबरासारख्या पदार्थापासून केलेला, भट्टीत भाजून पक्का होणारा, स्वस्त आणि टिकाऊ. कारखान्याचा पट्टा मिनिटांच्या हिशेबानं चालत होता, आणि रंग वाळायला आठवडे लागले तर गाड्या ठेवायच्या कुठं? काळ्या रंगाच्या मागे हे अर्थशास्त्र होतं.

ड्यूको

इथं इतिहासाला वळण लागतं. पहिलं महायुद्ध संपलं. दारूगोळ्यासाठी कापसापासून नायट्रोसेल्युलोज बनवणारे अमेरिकेतले कारखाने नवी गिऱ्हाइकं शोधत होते. ड्यूपॉन्ट कंपनीनं जनरल मोटर्सबरोबर काम करून नायट्रोसेल्युलोजचा एक लॅकर तयार केला. नाव ठेवलं ड्यूको. १९२३ साली ओकलंड नावाच्या गाडीवर तो निळ्या छटेत पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. फवाऱ्यानं मारायचा, काही तासांत वाळायचा, आणि हवा तो रंग मिळायचा. आठवड्यांचं काम दिवसावर आलं. काळ्या रंगाची सद्दी संपली.

सोलापूरकरांसाठी एक गंमत. या लॅकरचा कच्चा माल कापूस. आपल्या गावात ज्या कापसाचं सूत व्हायचं, त्याच जातीच्या वस्तूपासून तिकडे मोटारीचा रंग होत होता. आणि 'ड्यूको' हा शब्द अजून जिवंत आहे. फर्निचरवाल्याला विचारा, तो सांगेल, "पॉलिश करायचं का ड्यूको मारायचा?" शंभर वर्षांपूर्वीचं एका कंपनीचं नाव आपल्या सुताराच्या तोंडी आहे, आणि ते मुळात मोटारीसाठी होतं हे त्याला माहीत असायचं कारण नाही.

पण ड्यूकोत एक खोट होती. तो फवारला की मंद दिसायचा, हवी तशी चमक यायची नाही. चमक हवी असेल तर वरून घासावं लागायचं. पेपरनं, मग कंपाउंडनं, मग मऊ कापडानं. म्हणजे घासणं हे दुरुस्तीचं काम राहिलं नाही, ते रंगकामाचाच शेवटचा टप्पा झालं. आपल्याकडे गॅरेजात 'रबिंग-पॉलिश' असा जोडशब्द आहे, तो या पद्धतीचा वारसा आहे.

सोलापूरचा माणूस, कुर्ल्याची गाडी

आता आपल्या गावाकडे या. वालचंद हिराचंद यांचं नाव इथल्या कॉलेजांमुळे लहान पोरालाही ठाऊक आहे. १८८२ साली सोलापुरात त्यांचा जन्म झाला. जहाजं, विमानं आणि मोटारी, तिन्ही या देशात बनवायच्या असं त्यांनी मनावर घेतलं होतं. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कारखाना कुर्ल्याला. १९४७ मध्ये तिथून वाहनं बाहेर पडू लागली, सुरुवातीला अमेरिकन क्रायस्लर कंपनीशी करार करून. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला, आणि १९५४ पासून फियाट ११०० आली. तिचंच पुढचं रूप म्हणजे आपली लाडकी पद्मिनी. १९५३ साली वालचंद गेले, त्यामुळे तिचं वैभव त्यांनी पाहिलं नाही. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती २०२३ सालच्या ऑक्टोबरपर्यंत रस्त्यावर होती. २००३ मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी, वीस वर्षांची मुदत संपली, म्हणून बाजूला झाली.

हे सांगण्याचं कारण असं. त्या काळी देशात गाड्या मोजक्याच बनत. फियाट किंवा अँबॅसिडर नोंदवली की वर्षानुवर्षं वाट बघायची. परदेशी गाडी आणायची तर परवाना आणि जबर कर. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० येईपर्यंत असंच चाललं होतं. त्यामुळे मिळालेली गाडी वीस वर्षं, तीस वर्षं वापरायची. रंग फिका पडला म्हणून गाडी बदलायचा विचार कुणाच्या डोक्यातही यायचा नाही. अमेरिकेत त्या काळी दर वर्षी नवं मॉडेल विकायला चमक वापरत होते. आपल्याकडे जुनी गाडी टिकवायला चमक वापरत होतो. साधन एकच, हेतू उलटा. परमिटच्या काळानं आपल्याकडे रबिंग-पॉलिश करणाऱ्यांची एक पिढी तयार केली.

ती पिढी काम कसं करायची? आधी गाडी धुऊन घ्यायची. ओरखड्यावरून नख फिरवायचं. नख अडकलं तर तो पॉलिशचा विषय नाही. तिथं लांबी भरा, प्रायमर मारा, रंग मारा. नख नाही अडकलं तर वॉटर पेपर. तोही सरळ नाही, आधी बादलीत भिजत ठेवायचा. पंधराशे नंबर, मग दोन हजार. साबणाच्या पाण्यात, हलक्या हातानं, एकाच दिशेनं. जागा धुरकट दिसायला लागली की थांबायचं. मग कंपाउंड, जुन्या बनियनच्या कापडावर घेऊन. मग त्याहून बारीक पॉलिश. आणि सगळ्यात शेवटी मेण. न्यूटनची अदलाबदल, जाड देऊन बारीक घेण्याची, ही मंडळी न्यूटनचं नावही न घेता करत होती.

कड आली की मात्र अनुभवी माणूस हात उचलायचा. बॉनेटची कड, दाराची घडी, मडगार्डचा उंचवटा, इथं रंग मुळातच पातळ बसलेला असतो आणि हाताचा दाब तिथंच जास्त पडतो. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, उस्तादानं मनगटावर फटका मारून शिकवलेलं असायचं.

त्यांच्या तब्येतीबद्दलही बोललं पाहिजे. चमक बघणारे आपण, धूळ खाणारे ते. जुन्या रंगांत शिसं असायचं. कोरडं घासलं की ती पूड नाकातोंडात. आपल्या देशात शिशाची मर्यादा घालणारा नियम २०१६ साली झाला, पण तो घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी आहे, गाडीच्या रंगांसाठी नाही. आणि आता गॅरेजात जे दोन डब्यांचे रंग मिसळून मारतात, त्यांतल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांनी कामगारांना दमा होतो हे जगभर नोंदलेलं आहे. आपल्याकडे तोंडाला काय बांधलेलं असतं? रुमाल. रुमालानं धूळ थोडीफार अडते, वाफ अडत नाही.

मेणाची कल्हई

पॉलिश आणि वॅक्स हे दोन शब्द आपण एकाच दमात बोलतो, पण कामं अगदी उलटी आहेत. पॉलिश काढून घेतं, वॅक्स वर बसतं. घरातलं उदाहरण द्यायचं तर चिंचेनं तांब्या घासणं म्हणजे पॉलिश, आणि आतून कल्हई लावणं म्हणजे वॅक्स. कल्हई उडते, पुन्हा लावावी लागते. मेणाचंही तसंच.

गाडीला लावायचं उत्तम मेण म्हणजे कार्नौबा. ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवर ते येतं. कोरड्या हवेत पानातलं पाणी उडू नये म्हणून झाडानं स्वतःला घातलेलं पांघरूण ते. पानं वाळवून, झोडपून ते काढतात. मधमाश्यांचं मेण साधारण ६२-६४ अंशांना वितळतं, कार्नौबा ८० अंशांच्या पुढे. सोलापूरच्या मे महिन्यात उन्हातल्या बॉनेटवर हात ठेवून बघा, मग कार्नौबाच का, ते कळेल.

शिकागोत १९१० च्या सुमारास सिमोनाइझ हे मेण निघालं, आणि गाडीला मेण लावण्याच्या क्रियेलाच अमेरिकेत ते नाव पडलं. १९४० च्या दशकात त्याच शहरात बेंजामिन हर्श नावाच्या माणसानं द्रवरूप पॉलिश काढलं, तेच पुढे टर्टल वॅक्स झालं. मग सिलिकॉन आलं. लावायला सोपं, चमक झटपट. पण सिलिकॉन लावलेल्या गाडीला पुन्हा रंग मारायची वेळ आली की रंग धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. पेंटर लोक त्याला 'फिश आय' म्हणतात आणि आधीच्या माणसाच्या नावानं बोटं मोडतात.

आपल्याकडच्या स्वस्त युक्त्याही सांगतो. रॉकेलचं किंवा डिझेलचं फडकं मारायचं. गाडी तासभर आरशासारखी. तेलकट थरानं ओरखडे भरल्यासारखे दिसतात, आणि त्याच थराला संध्याकाळपर्यंत सगळ्या रस्त्याची धूळ चिकटते. दुसऱ्या दिवशी ती धूळ पुसायची म्हणजे पुन्हा ओरखडे. दुसरी युक्ती टूथपेस्टची. तिनं बारीक रेघ खरंच जाते, कारण तिच्यातही घासणारी पूड असते. म्हणजे तेही पॉलिशच. खर्च तोच.

निळं फडकं

आता घरची गोष्ट.

माझ्या वडिलांनी १९७९ साली एक जुनी फियाट घेतली. गडद निळी. दर रविवारी सकाळी ते गाडी पुसायचे, महिन्यातून एकदा कंपाउंड मारायचे, आणि दसऱ्याआधी मेण. मी शेजारी बादली धरून उभा असायचो. त्यांचं फडकं मला आजही आठवतं. कंपाउंड मारून झालं की ते निळं व्हायचं. लहानपणी मला वाटायचं, धुळीचा रंगच निळा असतो.

तीसेक वर्षं हे चाललं. पुढे त्यांच्याच्यानं हात चालेना. मग एका दसऱ्याला मी ठरवलं, आपण त्यांना चकित करायचं. गाडी एका गॅरेजात दिली, मशीननं बफिंग करून द्या म्हणालो. संध्याकाळी आणायला गेलो तर गाडी लखलखत होती, आणि बॉनेटच्या उजव्या कडेला, वितीएवढ्या जागेत, करडा प्रायमर उघडा पडला होता.

मी तिथं तावातावानं बोललो. नको ते बोललो. तिथं एक म्हातारे पेंटर बसले होते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मशीनची चूक नाही ओ सर. मशीननं शेवटचं पान फाडलं फक्त. बाकीची वही कुणी संपवली ते घरी विचारा."

मला उलगडा व्हायला घरी येईपर्यंतचा वेळ लागला. फडकं निळं का व्हायचं? कारण तो गाडीचा रंग होता. त्या काळच्या गाडीवर वरचा पारदर्शक थर नसायचा, रंगाचाच थर सगळ्यात वर. वडील दर महिन्याला गाडीचा थोडा रंग फडक्यावर काढून घेत होते आणि आम्ही सगळे म्हणत होतो, काय गाडी ठेवलीय! त्यांची माया खरी होती. त्या मायेनंच रंग संपला होता.

मी त्यांना सांगितलं. ते खाली वाकले, त्या करड्या जागेवरून एकदा अंगठा फिरवला, काही बोलले नाहीत. दसऱ्याला हार बांधताना त्यांनी तो नेहमीपेक्षा थोडा उजवीकडे बांधला. पुन्हा रंग मारू दिला नाही.

न बोलणारं फडकं

१९८० च्या दशकापासून जगभर गाड्यांवर बेस कोट आणि त्यावर क्लिअर कोट अशी पद्धत रुळली, आणि मग ती आपल्याकडेही आली. आजच्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडी असते. त्यातला वरचा पारदर्शक क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन. म्हणजे केसाहून पातळ पापुद्र्यावर गाडीची सगळी शोभा उभी आहे. उन्हातल्या अतिनील किरणांना अडवणारी द्रव्यंही त्याच पापुद्र्यात असतात. एकदा नीट पॉलिश केलं की त्यातले दोन-चार मायक्रॉन जातात. आणि तो थर फार पातळ झाला की ऊन खालच्या रंगाला खायला लागतं. टपावर पांढरे पोपडे उठलेल्या गाड्या तुम्ही बघितल्या असतील.

आणि इथं मला इतिहासाचा माणूस म्हणून खरी अडचण दिसते. वडिलांचं फडकं निळं व्हायचं, निदान हिशेब दिसत तरी होता. आजचं फडकं पांढरंच राहतं. क्लिअर कोट पारदर्शक, त्याची पूडही रंगहीन. खर्च होतोच, पण तो कुणाला दिसत नाही. म्हणून दर तीन महिन्यांनी रबिंग-पॉलिश करून घेणाऱ्याला वाटतं, आपण गाडीत भर घालतोय. चांगले कारागीर आता थराची जाडी मोजायचं छोटं यंत्र वापरतात. पूर्वी जे फडकं सांगायचं ते आता यंत्राला विचारावं लागतं.

मग घासायचंच नाही का? घासा. पण मोजून. नख अडकत नसेल तर घासा, कड आली की हात उचला, आणि जो ओरखडा दोन पावलांवरून दिसत नाही त्याच्यासाठी मायक्रॉन घालवू नका. मेण हवं तितक्या वेळा लावा, त्यात काही जात नाही.

(व्याख्यानानंतर एका श्रोत्यानं विचारलं : "कोरडं पुसू नका म्हणता, पण गाडी धुवायला पाणी आणायचं कुठून?")

हा सगळ्यात चांगला प्रश्न. सुरुवातीला मी विश्रामगृहासमोरच्या ड्रायव्हरला नावं ठेवली असं वाटलं असेल तर ते चुकलं. आपल्या गावात नळाला रोज पाणी येत नाही. उजनी भरलेलं असलं तरी येत नाही. ज्या गावात प्यायचं पाणी साठवून ठेवावं लागतं तिथं ड्रायव्हरनं कोरडं फडकं मारलं तर त्याचा आळस काढू नये. त्या बॉनेटवरचे ओरखडे हासुद्धा आपल्या पाणीपुरवठ्याचा इतिहासच आहे.

पण उपाय आपल्याच गावात विणला जातो. सोलापूरचा टॉवेल. टेरी टॉवेलला जे सुताचे फासे असतात, त्यांच्या मधल्या जागेत धुळीचा कण आत शिरतो, म्हणून तो रंगावर कमी घासला जातो. साध्या सपाट फडक्यात ती सोय नाही. मायक्रोफायबरचं कापड याच तत्त्वावर चालतं, फक्त धागा फार बारीक. तेव्हा अर्धी बादली पाणी घ्या. टॉवेल भिजवून, जवळजवळ न पिळता, बॉनेटवर पसरा आणि दोन टोकांना धरून आपल्याकडे ओढा. दाबू नका, गोल गोल फिरवू नका. मग टॉवेल उलटा आणि दुसरी बाजू वापरा. अर्ध्या बादलीत गाडी होते. उरलेलं पाणी झाडाला घाला.

आणि पुसून झाल्यावर टॉवेलाकडे एकदा बघा. जुनी गाडी असेल आणि टॉवेलाला गाडीचा रंग लागला असेल, तर थांबा.